वेशीपर्यंत पहिली फेरी सुताराची

बाबा,

तुम्ही गेल्यापासून आपल्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. दादाला पटाशी हवी असली की तो नुसता हात पुढे करतो. आई चुलीशी बसून भाकरी थापते, तेव्हा भाकरीचा आवाज येतो, बांगड्यांचा येत नाही. शेजारणी येतात, त्याही दारातच आवाज खाली आणतात. सगळं घर माझ्यासारखं झालं आहे. असं शांत घर असावं असं मला लहानपणापासून वाटायचं. आता झालं आहे, तर ते मला सोसत नाही.

तुमचा आवाज केवढा होता. वाकसाने लाकूड तासताना, भाता ओढताना, जेवताना, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालताना तुम्ही बोलतच असायचा. दारावरून जाणाऱ्या बैलालाही सोडायचा नाहीत. "काहून बे, मालक दमला का आज?" असं त्या बैलाला विचारायचा आणि मालक गाडीवर बसल्या बसल्या ओशाळायचा.

मला तुम्ही मैना म्हणायचा. माझं नाव सखू आहे हे गल्लीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसेल. नवा माणूस आला की विचारायचा, "मैना म्हन्जे लई बोलत असन?" तुम्ही तोंड अगदी गंभीर करायचा. "हो न. सध्या दम घेऊन रायली." मी आत पळून जायचे. पळता पळता मला हसू यायचं, ते तुम्हाला कधी दिसलं का, हे आता कोणाला विचारू?

मी गप्प का, याची कारणं लोक आपापल्या परीने सांगत. लहानपणीच माझं लग्न झालं आणि सासरी जायच्या आधीच ते संपलंही. पटकीची साथ आली होती. नवऱ्याचा चेहरा मला आठवत नाही. मुंडावळ्यांच्या मागे कोणीतरी शिंकत होतं, एवढंच आठवतं. बायका म्हणायच्या, पोरीने धसका घेतला. आई म्हणायची, ती आधीपासूनच अशी. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. छावणीतल्या पाद्रीसाहेबांच्या बग्गीचं चाक दुरुस्त करून पोचवायला गेलात, माझं बोट धरून, आणि येताना मला मडमबाईंच्या शाळेत बसवून आलात.

त्या संध्याकाळी जातीतले चार जण ओसरीवर आले होते. मी दाराआड होते.

"मिस्त्री, पोट्टी बाटन."

"कशी बाटन गा? पानी घरून नेते, भाकर घरून नेते. अन् तोंड त ती उघडतच नाई. आत जाईन कुठून?"

आधी एक जण हसला, मग चौघेही हसले. हसलेल्या माणसाला लगेच पुन्हा रागावता येत नाही. हे तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत, पण मी दाराआडून पाहत होते. ते गेल्यावर आईने विचारलं, इंग्रजी शिकून काय करायचं आहे तिला? तुम्ही म्हणालात, "मराठीत बोलत नाई, इंग्रजीत त बोलन."

आणि खरंच बोलले. मडमबाईंसमोर उभी राहून मी मोठ्याने वाचायचे. त्या भाषेत मला कोणी ओळखत नव्हतं. त्या भाषेत माझं लग्न झालेलं नव्हतं आणि कोणी मेलेलंही नव्हतं. घरी आले की मात्र पुन्हा तीच मी. एकदा गोरा साहेब मोडकी बग्गी घेऊन आपल्या दारात आला. तुम्ही मोठ्या थाटात मला पुढे केलंत. मी साहेबाच्या बुटांकडे बघत उभी राहिले, एक शब्द फुटला नाही. तुम्ही हातवारे करून त्याच्याकडून सगळं समजून घेतलंत आणि तो गेल्यावर जमलेल्या लोकांना सांगितलंत, "साहेबाची भाषा बराबर शिकली. साहेब तरी कुठं बोलते? नुसता उभा रायते."

लोकांना वाटायचं तुम्ही माझी थट्टा करता. मला ठाऊक होतं, तुम्ही माझ्यापुढे उभे राहून लोकांची नजर स्वतःकडे ओढून घेता.

मग ती कापसाची वर्षं आली. अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि इथे अमरावतीत कापूस वाहायला गाड्यांची चणचण झाली. मडमबाईंच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. तुमच्यासाठी मी कोळशाने आपल्या अंगणात तो काढला होता. हे आपण, हा समुद्र, ही अमेरिका. तुम्ही वाकून बराच वेळ पाहिलंत. "तिकडं ते लढून रायले," म्हणालात, "अन् झोप माही उडाली."

खरंच उडाली होती. चांदूर बाजारापासून माणसं यायची. कोणाला नवी गाडी हवी, कोणाला चाकं, कोणाला दोन चाकं जोडणारा नुसता कणा. अंगणात, रस्त्यावर, शेजारच्या ओट्यावर चाकांचे आरे आणि त्यांच्याभोवती बसणारे लाकडी पुठ्ठे पडलेले. तुमच्या पाठीला रात्रंदिवस कळ असायची आणि आई तेल लावायची तेव्हा तुम्ही म्हणायचा, "चाकाले वंगण लागते, मंग पाठीले काहून नाई?"

त्याच काळात एक पाटील आले होते. अंगरख्याला अत्तर, मागे दोन माणसं. त्यांना गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीची धाव हवी होती. कोणीतरी दुसऱ्या गावात केली म्हणे. तुम्ही चाकाभोवतीचा तो पट्टा हाताने मोजत असल्यासारखं केलंत आणि म्हणालात, "लावून देतो पाटील. पन मंग गाडीमागून एक मानूस चालवा. घासलेली चांदी येचाले."

पाटील आधी रागावले, मग एवढे हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी जुवाच्या दोन टोकांना चांदीचं फूल बसवण्यावर भागलं.

पुढे लढाई संपली, भाव पडले. तेच पाटील एकदा एकटेच आले, खिळखिळी गाडी घेऊन. चाक आवळून हवं होतं. जुवावर फुलांच्या जागी नुसती भोकं होती. मी पाण्याची घागर घेऊन उभी होते. तुमच्या जिभेवर वाक्य आलेलं मी पाहिलं, बाबा. ओठ हलला तुमचा. आणि तुम्ही ते गिळलंत. चाक आवळून दिलंत, बैलांच्या पाठीवर थाप मारलीत, पाटलांना गुळपाणी दिलंत. ते गेल्यावर मला म्हणालात, "मैना, कवा कवा चूप राहाचं बी जमलं पायजे मानसाले. तुह्यापासून शिकलो."

मी तुम्हाला काही शिकवलं असं म्हणणारा माणूस तुमच्याखेरीज मला भेटलेला नाही.

आगगाडी बडनेऱ्यापर्यंत आल्यावर लोक म्हणाले, आता मिस्त्रीचं काम गेलं. मुंबईपर्यंत कापूस वाहणाऱ्या गाड्यांच्या रांगा मोडल्या. तुम्ही मुद्दाम इंजिन बघायला गेलात आणि येऊन आईला सांगितलंत, "मोठ्या घरची लाडाची पोट्टी हाय ती. तिले रस्ता बी लोखंडाचा लागते. आपल्या गाडीले सांगा, नाल्यातून जाय, त जाते बिचारी." आणि वर म्हणालात, "अन् टेसनापर्यंत कापूस कोन नेईन? तिचा बाप?"

आता त्या फेरीबद्दल लिहिते. त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आपल्या घरचा रिवाज तुमच्या आजोबांपासूनचा. गाडी पुरी झाली की पहिली फेरी सुताराची. मालकाने बैल जुंपायचे, सुताराला वर बसवायचं आणि गावच्या वेशीपर्यंत न्यायचं. तिथे मालकाने उतरून दूर लिंबाखाली जाऊन उभं राहायचं. सुताराने एकट्याने चाकाच्या मधल्या तुंब्यावर हात ठेवून गाडीला चार शब्द सांगायचे, आणि मग मागे न बघता घरी चालत यायचं. ते शब्द झाले की गाडी मालकाची. त्याआधी तिच्यावर ओझं घालायचं नाही. काय शब्द, ते मालकाला कळू द्यायचे नाहीत. दादालाही तुम्ही सांगितले नव्हते. "तुह्या हातची पुरी गाडी होईन तवा सांगीन," म्हणायचा.

मला मात्र तुम्ही बरोबर न्यायचा. अगदी लहान होते तेव्हापासून. आपण दोघे गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसायचो. कोणी हरकत घेतली की तुम्ही म्हणायचा, "हिच्यासमोर चालते. हे कोनाले सांगनार हाय?"

तो माझा सगळ्यात मोठा मान होता. शाळेत इंग्रजी वाचता येऊ लागलं त्याचाही मला एवढा अभिमान वाटला नाही. वेशीपाशी तुम्ही खाली उतरायचा, पागोटं सारखं करायचा, तुंब्यावर तळहात टेकवायचा आणि एकदम तुमचा आवाज लहान व्हायचा. दिवसभर गल्ली दणाणून सोडणारा माणूस त्या लाकडाशी इतका हळू बोलायचा की मला कान द्यावा लागायचा. मग आपण घरी चालत यायचो. त्या वाटेवर तुम्हीही गप्प असायचा. तुमच्याबरोबर गप्प राहण्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात वाटलं नाही.

या पावसाळ्यात आपलं भांडण सुरू झालं. भांडण म्हणायचं का त्याला? एक जण बोलत होता आणि एक जण नाही.

मडमबाईंच्या बहिणीने अकोल्याला मुलींची शाळा काढायची ठरवली. लहान मुलींना शिकवायला त्यांना मी हवी होते. मावशी अकोल्यातच राहते, तेव्हा राहायचा प्रश्न नव्हता. मडमबाईंनी मला विचारलं, मी मान खाली घातली. मग त्यांनी तुम्हालाच गाठलं. घरी येऊन तुम्ही ठोकळ्यावर बसलात, हातात आरा घेतलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "मडम म्हन्ते तिले तू पायजे. तुले काय पायजे?"

त्याच दिवसांत काकाही पातूरचं एक स्थळ घेऊन येऊन गेला होता. तुमचा धाकटा भाऊ, त्याला सगळं लवकर उरकायची घाई. बायको वारलेला माणूस, घरी जमीन, दोन मुलं. आपल्यात विधवेचा पाट लावतात, त्यात वावगं काही नाही, माणूसही वाईट नसेल. काकाला तुम्ही हो म्हटलं नाहीत, नाही म्हटलं नाहीत. "पोट्टीले इचारतो," एवढंच.

आणि विचारलंत. मी हौदात पाणी भरत होते, तशीच भरत राहिले.

"मानेनं नाई मैना. तोंडानं सांग."

मला राग आला होता बाबा. तुम्हाला काय ठाऊक नव्हतं? मी शाळेतून येते तेव्हा कशी चालते आणि काका येतो तेव्हा कशी चालते, ते तुम्ही बघत होतात. लाकडाला आतून चीर आहे का ते नुसतं ठोकून ओळखणारा माणूस, त्याने मला तोंड उघडायला का लावावं? मी घागर आपटून आत गेले. तुम्ही मागून म्हणालात, ते मी ऐकलं. "मले मालूम हाय व. पन म्या सांगितलं त ते माहं झालं. तू सांगितलं त तुहं."

मग रोजचं झालं. सकाळी भट्टी पेटवायच्या आधी तुम्ही आईला विचारायचा, "मैना बोलली का?"

आई आतून म्हणायची, "नाई."

"बरं. उद्या बोलन."

सगळा श्रावण असा गेला, भादवा गेला. मी मनात वाक्य तयार करायचे. इंग्रजीत ते लगेच तयार व्हायचं. आपल्या बोलीत करायला गेलं की 'मले' या शब्दापाशीच अडायचं.

त्यानंतर करीमचाचा आले. चांदूर बाजारचे, कापूस वाहतात, तुमचे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने भांडखोर मित्र. त्यांची जुनी गाडी नाल्यात मोडली होती.

"मिस्त्री, नवी बनवा. पन अशी बनवा का कुरकुरली नाई पायजे. मागची लई कुरकुरत होती."

"कुरकुरन नाई त काय करन, करीमभाई? दिवसभर वझं नेते, कोनी तिले इचारत नाई. तुमी रोज भाभीले तरी इचारता का?"

"या अल्ला! गाडीची गोष्ट चालली होती ना?"

"म्या बी गाडीचंच बोलून रायलो."

त्या गाडीसाठी तुम्ही तिवसाचं चिवट लाकूड आणायला धारणीकडच्या जंगलात गेलात. आई नको म्हणत होती, पाऊस नुकताच उघडला होता, त्या जंगलात या दिवसांत ताप असतो. तुम्ही म्हणालात, चाक तिवसाचंच. लाकूड उत्तम मिळालं. तापही बरोबर आला.

दोन्ही चाकं तुम्ही उभी केलीत. एक दिवस थंडी, एक दिवस ठीक, असं करत. बाकीची गाडी दादाने जोडली. धाव चढवायच्या दिवशी तुम्हाला उभं राहवत नव्हतं, म्हणून बाज अंगणात आणली. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी कडं लाल झालं होतं. गल्लीतल्या बायका नेहमीसारख्या घागरी घेऊन उभ्या होत्या. दादा आणि शेजारचे दोघे सांडशीने कडं धरून होते. गोधडीत तुमचे दात वाजत होते आणि तुम्ही ओरडत होतात.

"लेका, असा काहून धरतं? सोयरीक नाई करून रायला तू! दाब! ठोक! आता पानी! पानी व बायांनो!"

पाणी पडलं, वाफेचा लोट उठला, लाकूड कडकडलं आणि सांधे आवळले गेले. तो आवाज ऐकताना तुम्ही डोळे मिटून घेतले होते. मग म्हणालात, "मले मरनाची थंडी वाजून रायली. उचला मले अन् त्या चाकाजवळ नेऊन ठेवा." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आईही हसली. तुमच्या विनोदावर ती शेवटची हसली ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही मला हाताने जवळ बोलावलंत. मला वाटलं, आता विचाराल. माझं वाक्य जवळ जवळ तयार होतं. खरं सांगते, ओठांपर्यंत आलं होतं. तुम्ही म्हणालात, "पानी." मी पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा आई तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि पाणी कोणालाच नको होतं.

लोक म्हणतात, सुखाने गेले, फार हाल झाले नाहीत. मी ऐकून घेते.

तेरावं झालं. काका उतरलेलाच होता. ओसरीवर बसून तो आईला सांगत होता, पातूरचे पाहुणे येत्या बाजाराच्या दिवशी येतील. दादा म्हणाला, "तिले इचारलं पायजे. बाबा म्हनत होते."

"तिले काय इचारतं?" काका म्हणाला. "ती काय बोलते थोडी?"

त्याचा त्यात काही दुष्टपणा नव्हता. तो खरंच तसं समजत होता. माझ्या गप्प बसण्याला तुमच्या हयातीत एक अर्थ होता, आता दुसरा झाला होता. तुम्ही असताना मी गप्प राहिले की थांबायचं, असं ठरलेलं होतं. आता मी गप्प राहिले की हो, असं धरलं जाणार होतं. आईने दारातून माझ्याकडे पाहिलं. मी भांडी घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी करीमचाचा बैल घेऊन आले. गाडी दारात उभी होती, पुरी झालेली. त्यांनी चाकावरून हात फिरवला. मग बैल जुंपले आणि दादाला म्हणाले, "चल बेटा, बस. पहली फेरी."

दादा जागचा हलला नाही. "चाचा, मले ते शब्द ठाऊक नाईत. बाबांनी सांगितलेच नाईत. तुमी तशीच घेऊन जा. बाबा काई म्हननार नाईत."

"ना बेटा." करीमचाचांनी मान हलवली. "तुह्या बापाच्या हातच्या गाड्याच म्या आजवर चालवल्या. एक बी बिनाबोल्याची नेली नाई. ही कशी नेऊ? मिस्त्री वरून शिव्या देईन मले."

काका ओसरीवरून म्हणाला, "अहो, लाकडाले काय समजते? घाला कापूस अन् चला."

कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. गाडी तशीच उभी. बैलांनी माना हलवल्या, घुंगरं वाजली. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायला तो उगाच बैलांच्या जोताची गाठ तपासत होता. तुमची शेवटची गाडी, बाबा, आणि ती दारातून हलणार नव्हती. ती हलवणारे शब्द त्या अंगणात एकीलाच ठाऊक होते आणि ती कोणाला सांगत नाही म्हणून तर ठाऊक होते.

मी हात पुसले आणि जाऊन गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसले. नेहमीच्या जागी. शेजारची जागा मोकळी ठेवली.

करीमचाचा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काही न विचारता बैल हाकले.

गल्लीत लोक उंबऱ्यांवर आले होते. मी माझ्या पायांच्या बोटांकडे बघत होते. नवं लाकूड, नवी धाव, तरी गाडी थोडी कुरकुरत होती. वेशीपाशी चाचांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि लिंबाकडे गेले. पाठमोरे उभे राहिले, अगदी रीतसर.

मी तुंब्यावर हात ठेवला. तिवसाचं लाकूड थंड लागलं. आवाज लवकर निघेना. मग निघाला तो माझा वाटेना, घोगरा, मोठा. तुमच्यासारखं हळू मला जमलं नाही. तुम्ही म्हणायचा तसंच म्हटलं.

"जाय माय. वझं नेजो. कुरकुर आली त कुरकुरजो, लाजू नोको. मोडली त घरी येजो."

यापुढे तुम्ही म्हणायचा, "मी हाओ."

तिथे मी थांबले. ते कसं म्हणू? तुम्ही कुठे आहात? गाडी मोडून परत आली तर अंगणात कोण असेल? एक बैल मान वळवून माझ्याकडे बघत होता. दूर लिंबाखाली चाचा रुमालाने तोंड पुसत होते. न म्हणता सोडून दिलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण मग गाडीला काय सांगितलं असं होईल? जा, आणि मोडलीस तर तुझं तू बघ? तसं तुम्ही एकाही गाडीला म्हणाला नव्हता. मला दादा आठवला, ती गाठ तपासणारा.

"दादा हाये," मी गाडीला सांगितलं.

चाचा परत आले. "झालं का बेटा?"

"झालं, चाचा."

मी त्यांच्याशी आजवर बोललेला हा पहिला शब्द. त्यांनी डोळे पुसले आणि तुमच्याच सुरात म्हणाले, "बंद पडलेली मैना सुरू झाली म्हन्जे." मग गाडीवर चढले. मी वळले आणि मागे न बघता घराकडे चालू लागले.

त्या वाटेवर आपण नेहमी गप्प असायचो. या वेळी एकटीच होते. वेशीपासून घरापर्यंत ते शब्द माझ्याच आवाजात माझ्या कानात वाजत राहिले, आणि मारुतीच्या देवळापाशी आल्यावर माझे पाय थांबले. पावसाळाभर तुम्ही मला विचारत होतात. मी एकदा तोंडाने मागितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, याचा मी किती विचार केला होता. थट्टा कराल, रडाल, नाही म्हणाल. आणि ते तर मला लहानपणापासून पाठ होतं. तेच म्हणाला असता तुम्ही. सगळ्या गाड्यांना म्हणायचा तेच, जाय माय. माझ्यासाठी ते तयार ठेवून बसला होता आणि मी मागायची वाट बघत होता.

देवळाच्या ओट्याला धरून मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. मग घरी आले.

काका ओसरीवरच होता, आईला पाहुण्यांच्या जेवणाचं सांगत होता. दादा भात्यापाशी. मी अंगणात उभी राहिले, तिथे, जिथे अमेरिका काढली होती.

"मले अकोल्याले जायचं हाय," मी म्हणाले. "शाळेत शिकवाले. पातूरले नाई जायचं."

पलीकडच्या ओट्यावरच्या बाईने सूप खाली ठेवलं. दादा माझ्याकडे बघत होता, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर, मी शपथेवर सांगते, तुमचा चेहरा आला.

"एवढ्या जोरानं काहून सांगतं व?" तो म्हणाला. "अकोल्यात आइकू गेलं. पोचवून देईन न मी."

आई चुलीपुढून उठून दारात आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. काकाकडेही पाहिलं नाही. भात्याशेजारी तुमचा ठोकळा आहे, त्यावर अजून कोणी बसत नाही. त्या ठोकळ्याकडे बघत, पदराने हातावरचं पीठ पुसत, ती रोज सकाळी तुमच्याशी बोलायची तशा साध्या आवाजात म्हणाली,

"अवो, बोलली पोट्टी."